बाहुलीची घडणावळ

प्रश्न अमळनेरच्या एका ताईंचा आहे. थोडक्यात असा: "व्हिडिओ बघून रिबॉर्न बाहुल्या, म्हणजे हुबेहूब तान्ह्या बाळासारख्या दिसणाऱ्या बाहुल्या, करायला शिकले. दीड वर्षात सहा केल्या, त्यातल्या चार साधारण आठ-आठ हजारांना विकल्या. बघणारा प्रत्येक जण तोंडभरून कौतुक करतो, पण हातात काही उरत नाही. घरचे म्हणतात, छंद म्हणून कर, धंदा म्हणू नको. यात खरंच नफा होतो का?"

ताई, होतो. भुसावळला माझ्या घराच्या मागच्या खोलीत मी नऊ वर्षं हेच काम करते आहे, आणि गेली सहा वर्षं त्यातून घराला पैसा येतो. पहिली तीन वर्षं मात्र तुमच्यासारखीच गेली. तुम्ही फोटो पाठवलेत, त्यात हात चांगला आहे हे दिसतं. पापण्यांवरच्या बारीक निळ्या शिरा मला पहिल्या वर्षी जमल्या नव्हत्या. चुकतोय तो हिशेब.

चौथ्या बाहुलीचा खर्च तुम्ही लिहून पाठवलात हे फार बरं केलंत. किट (म्हणजे व्हाइनिल प्लॅस्टिकचं न रंगवलेलं डोकं, हात, पाय) ४,२००, डोळे ३५०, केसांचं मोहेर (अंगोरा शेळीची लोकर) ९००, वजनाचे काचमणी आणि भरायचा फायबर ५००, कपडे-दुपटं ७००, खोका आणि कुरिअर ६५०. बेरीज ७,३००. विकली ८,००० ला, म्हणून तुम्हाला वाटतं ७०० सुटले. आता यात न धरलेलं धरा. रंगाच्या कुप्या, मॅट वार्निश, मोडणाऱ्या सुया, रंग भाजून पक्का करायच्या ओव्हनची वीज, हे मिळून एका बाहुलीमागे ६०० तरी जातात. दहा किटांमागे एखादं बिघडतंच, त्याची झीज बाकीच्या नऊंवर वाटली की आणखी ४०० येतात. खर्च झाला ८,३००. म्हणजे सव्वादोन महिने रोज दुपारी तासभर बसून, जवळजवळ ७० तास घालून, वर तीनशे रुपये पदरचे दिलेत.

जळगावच्या सराफ बाजारात आपण लहानपणापासून आईबरोबर गेलो आहोत. तिथे कुणीही बाई पाटल्या हातात घेऊन दोन प्रश्न वेगवेगळे विचारते: आजचा भाव काय, आणि घडणावळ किती. सोन्याचे पैसे सोन्याला, कारागिराचे कारागिराला. घडणावळ जास्त वाटली तर घासाघीस होते, पण ती शून्य असावी असं कुणी म्हणत नाही. आणि आपण बाहुली करणाऱ्या बाया नेमकी घडणावळच विसरतो. किटाचे पैसे निघाले की "सुटलं बाई" म्हणतो. निंदणीला जाणारी बाई दिवस मावळला की मजुरी मागते. आपल्या हाताला तेवढाही मान आपण देत नाही.

तर पहिलं काम, एक वही करा. ओव्हनपाशी ठेवा. बसलात की वेळ लिहा, उठलात की लिहा. सुरुवातीला तासाला १०० रुपये धरा. मी आता २५० धरते. तुमच्या त्याच बाहुलीचा भाव मग असा निघतो: खर्च ८,३००, घडणावळ ७,०००, झाले १५,३००. त्यावर पंधरा टक्के नफा, कारण पुढचं किट आणायला भांडवल लागतं. साडेसतरा हजारांच्या पुढे जातं. आकडा बघून पोटात गोळा येईल. मलाही आला होता. पण तो खरा आहे, आणि आता दोनच वाटा उरतात: तास कमी करायचे, किंवा एवढा भाव देणारं गिऱ्हाईक शोधायचं. दोन्ही एकदम कराव्या लागतात.

तास सगळ्यात जास्त कुठे जातात? केसांत. काटेरी खाचेच्या सुईने मोहेरचा एकेक केस डोक्यात रोवायचा, भोवऱ्याची दिशा सांभाळायची, आतून गोंद लावायचा. तुमचे ७० पैकी ३८ तास त्यातच गेले. नवजात बाळाला मुळात किती केस असतात? बारीक ब्रशने रंगवलेलं जावळ शिका. हात बसला की सहा तासांत होतं, आणि ओल्या जावळासारखं ते रोवलेल्यापेक्षाही खरं दिसतं. मोहेरचे ९०० वाचतात. तीच बाहुली मग ३८ तासांत, तेरा हजारांच्या आसपास बसते. डोळे मिटलेलं किट घेतलं तर डोळ्यांचा खर्च आणि ते बसवण्याची कटकटही जाते. फक्त झोपलेल्या बाळाच्या गालांत, कानांच्या पाळ्यांत आणि तळव्यांत रक्ताचा गुलाबीपणा नीट उतरला पाहिजे. नाहीतर बघणाऱ्याच्या मनात नको ते येतं. रोवलेले केस ज्याला हवेत त्याच्याकडून त्यांची घडणावळ वेगळी घ्या.

दुसरी बचत म्हणजे एका वेळी एकच बाहुली करू नका. मी तीन डोकी, सहा हात, सहा पाय एकदम घेते. भट्टीत पक्के होणारे जेनेसिससारखे तैलरंग साधारण १३० अंश सेल्सिअसला आठ-दहा मिनिटं भाजावे लागतात, आणि वीस-पंचवीस पातळ थर असतात. एका थरासाठी ओव्हन तापवायचाच, तर त्यात तीन बाळं का नसावीत? ओव्हनच्या बटणावरच्या आकड्यावर मात्र विश्वास ठेवू नका. माझं दुसरंच किट नाकाशी बसकं झालं, कारण बटण १३० दाखवत होतं आणि आत त्याहून कितीतरी जास्त ताप होता. आत ठेवायचा वेगळा थर्मामीटर थोड्या पैशांत मिळतो. तो ओव्हन पुन्हा स्वयंपाकाला वापरायचा नाही, आणि व्हाइनिल तापतं तेव्हा खिडक्या उघड्या हव्यात.

आपल्याकडच्या उन्हाचा एक फायदा आहे, तो सांगते. मे महिन्यात भुसावळचा पारा पंचेचाळिशीच्या पुढे जातो. हवेत वाळणारे अॅक्रिलिक रंग तेव्हा पॅलेटवरच सुकतात, स्पंजाचे डाग उठतात. भट्टीचा रंग भाजेपर्यंत ओलाच राहतो, म्हणून पाहिजे तेवढा वेळ थोपटत बसता येतं. पण ओला म्हणजे धूळ धरणारा. कपाशीच्या हंगामात घरात उडणारं एकेक तूस गालावर बसतं आणि भाजलं की तिथेच राहतं. मी त्या दिवसांत पंखा बंद ठेवून, ओलं फडकं फिरवून मगच रंग उघडते.

कपाशीवरून आठवलं. मला बरेच जण विचारतात, एवढा कापूस आपल्या जिल्ह्यात पिकतो, तर फायबर विकत का आणायचा? मीही भरून पाहिला. दोन पावसाळ्यांत त्याच्या गाठी होतात, ओल धरतो, वास येतो. तसंच वजनासाठी तापीची वाळू. धुऊन, उन्हात वाळवूनही ती शिवणीतून झिरपते आणि दमट होते. लोखंडी छर्रे गंजतात. बारीक काचमणी, दुहेरी कापडी पिशवीत बांधून, पोटात, ढुंगणात आणि डोक्यात. बाकी पॉलिस्टर फायबर. तान्ह्या बाळाचं वजन अडीच-तीन किलो, आणि डोकं अंगाच्या मानाने जड. हातात घेताना मान सावरावीशी वाटली की गिऱ्हाईक पैसे काढतं. ते वाटणं फोटोत येत नाही, म्हणून कुणी घरी येऊन बघणार असेल तर बोलण्याआधी बाळ हातात द्या. माझ्याकडे आलेल्या एका आजीबाईंनी पदर सावरत विचारलं होतं, "हाई कोना आंडोर शे?" (हा कुणाचा मुलगा?) त्या दिवशी मला कळलं की वजन बरोबर बसलंय.

आता भाव देणारं गिऱ्हाईक. इथे मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे.

हा छंद १९९० च्या दशकात अमेरिकेत फोफावला, आणि किटं, रंगांच्या पद्धती, शिकवण्या सगळं तिकडचं आहे. त्यामुळे आपल्या बाया शिकतात तेव्हा गोरं, गुलाबी बाळ शिकतात. तुमच्या सहाही बाहुल्या तशाच आहेत. तशा बाहुल्या करणारे हात जगभर आहेत, आणि कारखान्यातून छापून निघालेल्या स्वस्त बाहुल्याही त्याच रंगाच्या असतात. त्यांच्याशी तुम्ही भावात कधीच जिंकणार नाही. आपलं गव्हाळ, सावळं बाळ नीट रंगवणारे हात मात्र फार थोडे आहेत. मी चौथ्या वर्षी हे सुरू केलं आणि तिथून माझा हिशेब पालटला.

नुसता तपकिरी रंग फासला की बाळ मातीचं वाटतं. आधी आतला निळसर-जांभळा थर, मग पिवळी माती आणि करडा तपकिरी यांचे अगदी पाणचट थर, दर वेळी स्पंजाने तोडून. तळहात, तळपाय फिके आणि गुलाबी ठेवायचे. कानाच्या कडा, बोटांची पेरं, नखांच्या मुळाशी थोडा गडद. आपल्या घरातल्या म्हाताऱ्या बाया नवीन बाळाचे कान बघूनच सांगतात, "हा सावळा होणार"; तेच निरीक्षण रंगात आणायचं. यासाठी व्हिडिओ पुरत नाहीत. नात्यात कुठे बाळंतपण झालं की जाऊन बसा, आईची परवानगी घेऊन दिवसाउजेडी तळव्यांचे, पापण्यांचे फोटो घ्या. माझ्याकडे अशा फोटोंची मोठी वही आहे.

कपडेही तसेच. परदेशी फ्रॉक विकत घेऊन घालण्यापेक्षा मऊ सुती साडीचं झबलं, टोपडं, लंगोट, हातात काळ्या मण्यांच्या मनगट्या, गालावर काजळाची तीट, खाली हाताने शिवलेली छोटी गोधडी. हे सगळं मिळून माझा खर्च तुमच्या ७०० पेक्षा कमी येतो. पुण्या-मुंबईच्या आणि परदेशात राहणाऱ्या मराठी बायका फोटो बघून पहिल्यांदा टोपड्याबद्दलच बोलतात. एक काळजी घ्या: गडद रंगाचं नवीन कापड व्हाइनिलला लावू नका. त्याचा रंग उन्हाळ्यात कातडीत उतरतो आणि मग कशानेही निघत नाही. छापील वर्तमानपत्राचंही तेच. माझं एक बाळ लाल झबल्यात कुरिअरने गेलं, मेमध्ये, आणि छाती-खांद्यांवर गुलाबी पट्टे घेऊन परत आलं. पूर्ण पैसे परत केले. तेव्हापासून कपडे फिके, दोनदा धुतलेले, आणि अंगाभोवती पांढरं सुती फडकं.

संग्रह करणारे सोडून आणखी गिऱ्हाइकं आहेत, त्यांचा विचार कुणी करत नाही. तान्ह्या बाळांचे फोटो काढणाऱ्यांना सरावासाठी वजनाची, वाकवता येणारी बाहुली लागते. प्रसूतिपूर्व वर्ग घेणाऱ्यांना बाळ कसं धरायचं ते दाखवायला लागते. नाटक-मालिकावाल्यांना खऱ्या बाळाऐवजी लागते, आणि त्यांना विकत नको असते, भाड्याने हवी असते. माझ्या दोन बाहुल्या फक्त भाड्याच्या आहेत: दिवसाला किमतीचा दहावा हिस्सा, अनामत पूर्ण किमतीची. दोन्हींनी आपली किंमत केव्हाच फेडली. भाड्याच्या बाहुलीवर केस रोवू नका, रंगवलेलंच जावळ ठेवा, ते हाताळणीत टिकतं.

संग्रह करणाऱ्यांकडे जायचं तर एक कडू गोष्ट ऐकावी लागेल. तुमचं ४,२०० चं किट नक्कल आहे. मूळ शिल्पकाराच्या किटाला प्रमाणपत्र असतं, अनेकदा मर्यादित संख्या आणि क्रमांक असतो, आणि बहुतेक किटं साठ ते सव्वाशे डॉलरच्या घरात जातात. नक्कल करणारे त्याच चेहऱ्याचा साचा उचलतात. नाकाच्या, ओठांच्या रेषा बोथट होतात, आणि शिल्पकाराला एक पैसा मिळत नाही. जाणकार गिऱ्हाईक प्रमाणपत्राशिवाय हात लावत नाही. आपल्या कामाची घडणावळ आपण मागतो, तशी त्या शिल्पकाराचीही आहे. मूळ किटांचा अडसर म्हणजे आयात शुल्क: खेळण्यांवरचं मूळ शुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झालं आणि २०२३ च्या अर्थसंकल्पात ७० टक्के. तुमचं पार्सल कस्टममध्ये त्या शीर्षकाखाली धरलं गेलं, तर किटाची किंमत जवळजवळ दुपटीवर जाते. म्हणून मी वर्षाला मोजकी मूळ किटं आणते आणि ती फक्त आगाऊ पैसे दिलेल्या ऑर्डरीसाठीच. सराव नकलेवर केलात तरी विकताना ती नक्कल आहे हे स्पष्ट सांगा.

कायद्याचं थोडक्यात. खेळण्यांचा गुणवत्ता नियंत्रण आदेश १ जानेवारी २०२१ पासून लागू आहे. १४ वर्षांखालच्या मुलांनी खेळायच्या वस्तूंना आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. आपली बाहुली मोठ्यांच्या संग्रहासाठी आहे, तर जाहिरातीत, खोक्यावर, पावतीवर तसं लिहा, आणि फोटोत लहान मुलं खेळताना दाखवू नका. हा नुसता कागदी बचाव नाही. काचमणी आणि चुपणीसाठी ओठांत बसवलेलं लोहचुंबक लहान मुलाच्या पोटात गेलं तर जिवावर बेतू शकतं. चुंबक असेल तर पेसमेकर बसवलेल्या माणसालाही आधी सांगायला हवं. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी, फुकट होते, ती करून टाका. राज्याबाहेर माल पाठवायचा तर वर्षाला ४० लाखांपर्यंतच्या विक्रीला जीएसटी नोंदणी लागत नाही, ही सवलत आपोआप लागू होते असं धरू नका. पहिल्या ऑर्डरीआधी सीएला विचारा.

परदेशी विकायचं असेल तर ५०० रुपये भरून आयईसी (आयात-निर्यातीचा) क्रमांक मिळतो, आणि २०२२ च्या अखेरीपासून टपाल खात्याने डाकघर निर्यात केंद्रं सुरू केली आहेत, तिथे कागदपत्रांना मदत होते. एट्सी या हस्तकलेच्या वस्तू विकायच्या परदेशी संकेतस्थळावर एक वस्तू चार महिने लावायला ०.२० डॉलर आणि विक्रीवर ६.५ टक्के जातात, तेही टपालखर्च धरून. पैसे वळते करण्याचा खर्च वेगळा. अमेरिकेत ८०० डॉलरपर्यंतची पार्सलं शुल्काविना जात होती, ती सोय २९ ऑगस्ट २०२५ पासून बंद झाली. तिथल्या गिऱ्हाइकाला भाव सांगताना शुल्क कोण भरणार हे आधी लिहून घ्या.

ऑर्डरीवर काम घेताना अर्धे पैसे आगाऊ, परत न मिळणारे. "आमच्या बाळासारखंच करून द्या" असा फोटो आला तर रंग, जावळ, डोळे एवढ्याचंच वचन द्या. चेहरा किटाचा असतो, तो आपण बदलू शकत नाही. तीन टप्प्यांवर फोटो पाठवून होकार लेखी घ्या. एका गिऱ्हाइकाने तयार बाहुली "नाक आमच्या सोनूसारखं नाही" म्हणून नाकारली आणि ती पाच महिने माझ्या कपाटात राहिली, कारण हे मी आधी बोललेच नव्हते.

आणि ताई, एक फोन तुम्हाला कधीतरी येईल. ज्या आईचं बाळ गेलंय तिचा. मला वर्षातून दोन-तीन येतात. तिला जास्त भावाची बाहुली विकणं अगदी सोपं असतं, कारण ती घासाघीस करत नाही. मी त्या दिवशी ऑर्डर घेत नाही. नुसतं ऐकते. घरात कुणाला माहीत आहे का ते विचारते, महिन्याभराने पुन्हा फोन करा म्हणते, आणि गेलेल्या बाळाचा हुबेहूब चेहरा करून देण्याचं कबूल करत नाही. काही जणी पुन्हा फोन करतात, बाहुली घेतात, आणि तिच्यामुळे बरं वाटतं असं कळवतात. काहींचा पुन्हा फोन येत नाही, आणि तेही चांगलंच आहे. यातली घडणावळ हिशेबात धरू नका.

बाहुली नेताना-आणताना गाडीत उघडी ठेवू नका. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यात पोलिसांनी बाळ गुदमरतंय समजून गाडीची काच फोडली होती, आत रिबॉर्न बाहुली निघाली. आपल्याकडे एप्रिलच्या उन्हात तर लोक क्षणभर थांबायचे नाहीत.

उरलेल्या दोन बाहुल्यांचं काय करायचं, हेही तुम्ही विचारलंय. दोन्ही आठ हजारांना देऊ नका. जिचे केस अजून रोवायचे आहेत, तिचं जावळ रंगवा, एखाद्या फिक्या सुती साडीचं झबलं शिवा, आणि अमळनेर-जळगावच्या फोटो स्टुडिओंमध्ये स्वतः घेऊन जा. विकायला नको, भाड्याने. दुसरीवरचा रंग भाजून पक्का झालाय, तो एसिटोन लावून काढा आणि त्याच किटावर सावळं बाळ करा. ते बिघडलं तरी चालेल, तिच्यात तुमचे पैसे आधीच गेलेले आहेत. मात्र पहिल्या थरापासून वहीत तास लिहा. झाली की वही आणि बाळ दोन्ही घेऊन भुसावळला या, दुपारच्या गाडीने आलात तर संध्याकाळपर्यंत आपण भाव काढू.